हृदय प्रत्यारोपणानंतरचा करोनरींचा आजार (सीएव्ही) : रक्तातली प्रथिनं काय सांगतात आणि कोल्हापुरात बसून त्यातलं काय जमतं?

पंचगंगाकाठ (धागाकर्ता)
सोमवार, रात्री ९:१२

दात्याचं हृदय बसवल्यावर पहिलं वर्ष नीट गेलं की पुढची मोठी धास्ती त्याच हृदयाच्या करोनरींची, म्हणजे हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्यांची. याच आजाराचं नाव कार्डियाक ॲलोग्राफ्ट व्हॅस्क्युलोपॅथी (सीएव्ही). हा नेहमीचा ब्लॉकेज नव्हे. तो एका जागी गाठ धरून बसत नाही. वाहिनीचं आतलं अस्तर चहूबाजूंनी, लांबच्या लांब जाड होत जातं, बारीक फांद्याही मिटत जातात. आयएसएचएलटीच्या (हृदय-फुप्फुस प्रत्यारोपणाची आंतरराष्ट्रीय संघटना) रजिस्ट्रीत पाच वर्षांनी साधारण ३० टक्के आणि दहा वर्षांनी जवळपास ५० टक्के लोकांत तो अँजिओवर (डाय सोडून काढलेला करोनरींचा एक्स-रे) दिसतो. ऑपरेशनमध्ये हृदयाचे मज्जातंतू तुटलेले असतात, म्हणून छातीत दुखण्याची वर्दी बहुतेकांना मिळतच नाही. धाप, पायावर सूज, नाहीतर थेट लयीचा बिघाड.

म्हणून रक्तातल्या प्रथिनांकडे सगळ्यांचा डोळा. बाजारात आणि पेपरांत फिरणारी नावं ही: हाय सेन्सिटिव्हिटी ट्रोपोनिन (हृदयस्नायूला इजा), एनटी-प्रोबीएनपी (हृदयावर ताण), एचएस-सीआरपी (शरीरातली सूज), व्हॉन विलब्रँड फॅक्टर (अस्तराला इजा), व्हीईजीएफ-ए आणि व्हीईजीएफ-सी (वाहिन्यांची वाढ घडवणारी प्रथिनं), प्लेटलेट फॅक्टर ४ (पुढे पीएफ-४), बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन, सिस्टॅटिन सी. व्हीईजीएफ-सी, व्हीईजीएफ-ए आणि पीएफ-४ या त्रिकुटाचा सीएव्हीशी संबंध दाखवणारा अभ्यास २०१३ साली आला आणि तेव्हापासून 'पॅनेल' हा शब्द जोरात आहे.

माझं मत आधीच सांगून टाकतो: यातल्या एकाही आकड्यावर अँजिओ रद्द करू नये. पण त्याच माणसाचा, त्याच लॅबमधला, त्याच पद्धतीने घेतलेला आकडा चढत असेल तर ठरलेली अँजिओ अलीकडे ओढायला तो नक्की उपयोगी. पेशंट कोल्हापुरात राहतो, सेंटर २३० किलोमीटरवर पुण्यात. मग इथे काय घ्यायचं, कसं घ्यायचं आणि काय घ्यायच्या भानगडीत पडायचं नाही? लॅबवाल्यांनी आणि नेफ्रोवाल्यांनी सविस्तर लिहा ही विनंती.

---

रंकाळ्याचा_बगळा
सोमवार, रात्री ९:४०

शेवटी अँजिओ करायचीच आहे तर हा रक्ताचा खटाटोप कशाला? सरळ दरवर्षी अँजिओ.

---

पंचगंगाकाठ
सोमवार, रात्री १०:०५

@रंकाळ्याचा_बगळा, कारण अँजिओही फसते. डाय फक्त आतली पोकळी दाखवते, भिंत दाखवत नाही. अस्तर सगळीकडे सारखंच जाड झालं तर वाहिनी गुळगुळीत, 'नॉर्मल' दिसते, फक्त थोडी बारीक. बाजूला तुलनेला निरोगी तुकडाच नसतो. भिंत बघायची तर आयव्हीयूएस (वाहिनीच्या आतून अल्ट्रासाउंड) किंवा ओसीटी (आतून प्रकाशाने काढलेला फोटो). पहिल्या वर्षात आयव्हीयूएसवर त्याच जागेची जास्तीत जास्त जाडी ०.५ मिलिमीटर किंवा त्याहून वाढली तर पुढचा धोका वाढतो हे बऱ्यापैकी पक्कं आहे. मात्र त्यासाठी चार-सहा आठवड्यांचा बेसलाइन लागतो. तो घेतलाच नसेल तर एक वर्षाच्या फोटोची तुलना कशाशी करणार? शिवाय प्रत्येक अँजिओचा डाय किडनीतून जातो, आणि या लोकांची किडनी टॅक्रोलिमसने (शरीराने नवं हृदय नाकारू नये, म्हणजे रिजेक्शन होऊ नये, म्हणून रोज घ्यायचं औषध) आधीच दमलेली.

---

अपकेंद्री
मंगळवार, सकाळी ७:२०

लॅबच्या बाजूने लिहितो. लांबेल, पण खरी चूक इथेच होते.

पीएफ-४ आणि व्हीईजीएफ ही दोन्ही प्लेटलेटच्या पोटात भरलेली असतात. रक्त गोठताना प्लेटलेट फुटतात आणि सगळा माल बाहेर. म्हणून सीरममध्ये (रक्त गोठल्यावर वर उरलेला द्रव; लाल किंवा पिवळं झाकण) पीएफ-४ हजारो नॅनोग्रॅम प्रति मिली येतो, तर नीट घेतलेल्या प्लाझ्मात (न गोठवलेल्या रक्ताचा द्रव) तो एक आकडी, फार तर दहाच्या आसपास. गणित करून बघा. सीरममध्ये ५००० आणि प्लाझ्मात ५ धरला तर हजारातली एक प्लेटलेट जरी नळीत फुटली तरी रिपोर्ट ५ वरून १० वर. पेशंटला काहीही झालेलं नाही, आकडा दुप्पट! तेव्हा कुणी सीरमवर पीएफ-४ करून देतो म्हणाला तर लांबूनच नमस्कार.

हवी ती नळी म्हणजे सीटीएडी (निळं झाकण). सायट्रेट, थिओफिलिन, ॲडिनोसिन आणि डायपिरिडॅमोल, प्लेटलेटना गप्प बसवणारं मिश्रण. आतला द्रव पिवळसर असतो आणि उजेडाने खराब होतो, म्हणून नळ्या खोक्यातच ठेवायच्या. ट्रेमध्ये खिडकीशी मांडून ठेवल्या की गेल्या कामातून.

घेताना २१ गेजची सुई, टूर्निकेट (दंडाचा पट्टा) एका मिनिटाच्या आत सोडायचं, पहिले दोन-तीन मिली टाकून द्यायचे. बटरफ्लाय (मागे लांब ट्यूबिंग असलेली पंखांची सुई) वापरत असाल तर टाकाऊ नळी लावायलाच हवी. नाहीतर ट्यूबिंगमधली हवा पहिल्या निळ्या नळीत जाते आणि ती कमी भरते. नळी भरली की तीन-चार वेळा हळूच उलटी करायची. खळखळून हलवणारे महाभाग असतात, त्यांना ताक घुसळायला बसवा.

मग नळी बर्फ-पाण्यात. पहिलं फिरवणं तासाच्या आत, १५०० जीवर (गुरुत्वाकर्षणाच्या १५०० पट जोराने) १५ मिनिटं. वरचा प्लाझ्मा काढताना पेशींच्या थरावर अर्धा सेंटिमीटर तसाच सोडायचा. हाव धरून तळापर्यंत ओढला की प्लेटलेट आल्याच. काढलेला प्लाझ्मा नवीन नळीत परत २५०० जीवर १५ मिनिटं, पुन्हा तळ सोडून ३००-३०० मायक्रोलिटरचे भाग, आणि उणे ८०. एकदाच फिरवून गोठवलं तर उरलेल्या प्लेटलेट वितळताना फुटतात, सगळी मेहनत पाण्यात.

---

बारक्या
मंगळवार, सकाळी ८:०२

सर, आमच्याकडं सगळेच '३००० वर लाव' म्हणतात. ते १५०० जीच झालं न्हवं?

---

अपकेंद्री
मंगळवार, सकाळी ८:३१

भावा, मशीनवर अवलंबून. सूत्र: ०.००००१११८ गुणिले त्रिज्या (सेंटिमीटर) गुणिले आरपीएमचा वर्ग. त्रिज्या १५ असेल तर ३००० ला १५०९ जी, म्हणजे बरोबर. पण टेबलावरच्या लहान मशीनची त्रिज्या १० असली तर त्याच ३००० ला जेमतेम १००६. दुसऱ्या फेरीचे २५०० जी हवेत तर १५ च्या त्रिज्येला सुमारे ३८६० आरपीएम. त्रिज्या मोजायची ती रोटरच्या मधल्या खिळ्यापासून, नळी आडवी झाल्यावरच्या तिच्या तळापर्यंत. पट्टी घे आणि मोज, मशीनवर मार्करने लिहून ठेव. आणि ब्रेक बंद ठेव, झटक्याने थांबली की थर ढवळतो.

अजून एक, सायट्रेटची नळी रक्त पातळ करते. २.७ मिली रक्तात ०.३ मिली द्रव. हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा टक्का) ४० असेल तर प्लाझ्मा १.६२ मिली, द्रव धरून १.९२, म्हणजे रिपोर्ट खऱ्यापेक्षा सुमारे १६ टक्के कमी. नळी २ मिलीच भरली तर २० टक्के कमी. म्हणून मागच्या वेळी जांभळी (ईडीटीएची) आणि या वेळी निळी (सायट्रेटची) अशी तुलना करूच नये. 'कमी झालं की हो' म्हणून पेशंट पेढे वाटतो आणि कमी झालेलं असतं ते नळीमुळे.

---

भवानी_मंडप
मंगळवार, दुपारी १:१५

कॅथ लॅबमधून सॅम्पल घेणाऱ्यांसाठी पुरवणी. रेडियल शीथ (मनगटाच्या धमनीतली नळी) टाकल्यावर हेपारिन (रक्त गोठू न देणारं औषध) दिलं जातं. हेपारिन वाहिनीच्या अस्तराला चिकटलेला पीएफ-४ ओढून रक्तात आणतं. त्यानंतर शीथमधून घेतलेल्या नमुन्याचा पीएफ-४ आकाशाला भिडलेला दिसणारच, त्याचा आजाराशी संबंध नाही. रक्त हेपारिनच्या आधी, शिरेतून, वेगळ्या टोचणीने.

तसंच ट्रोपोनिन बायोप्सीच्या आधी. स्नायूचे तुकडे काढल्यावर तो वाढतोच.

---

मूत्रखडा_नव्हे_मूत्रपिंड
मंगळवार, रात्री ८:५०

आता आमची बाजू. या यादीतली निम्मी नावं हृदयापेक्षा किडनीचीच चहाडी जास्त करतात.

बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन सुमारे ११.८ किलोडाल्टन, सिस्टॅटिन सी १३.३. दोन्ही ग्लोमेरुलसमधून सहज गळतात. गाळणी मंदावली की दोन्ही रक्तात साठतात. सीएव्ही झालेले लोक बहुधा प्रत्यारोपणाला जास्त वर्षं झालेले. जास्त वर्षं म्हणजे टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन जास्त वर्षं, म्हणजे किडनी जास्त खराब. मग 'सीएव्ही गटात बीटा-२ जास्त' यात नवल काय? त्यात ते सीएमव्हीच्या (सायटोमेगॅलो विषाणूच्या) तापात, लिम्फोसाइट चेकाळल्या तरी वाढतं. सिस्टॅटिन स्टेरॉइडने आणि थायरॉइडनेही हलतं. एनटी-प्रोबीएनपी आणि ट्रोपोनिन टी यांनाही किडनीचा हातभार असतोच.

नुसतं क्रिएटिनिन बघून 'किडनी ठीक' म्हणू नका. स्टेरॉइडने मांड्या-दंड उतरलेल्या माणसाचं क्रिएटिनिन मुळातच कमी बनतं, ईजीएफआर (त्यावरून काढलेला किडनीच्या गाळणीचा वेग) फसवा चांगला येतो. लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर सोबत हवंच.

आणि सगळ्यात मोठा सापळा औषध बदलाचा. सीएव्ही दिसला की बरेचदा एव्हरोलिमस किंवा सिरोलिमस चालू करून टॅक्रोलिमस कमी करतात. टॅक्रोलिमस कमी झाल्यावर गाळणी सुधारू शकते, बीटा-२ आणि सिस्टॅटिन उतरतात. ही नवी औषधं एमटॉर हे पेशींच्या वाढीचं प्रथिन रोखतात, त्यामुळे व्हीईजीएफही खाली येऊ शकतो. चार्टवर सगळं हिरवंगार, आणि करोनरी आहे तिथेच. औषध बदललं त्या दिवशी चार्टवर उभी रेघ मारा. रेघेच्या डावीकडचे आकडे उजवीकडच्यांशी जोडू नका. स्टॅटिन सुरू केलं तरी सीआरपीसाठी तेच.

---

जोतिबाचा_गुलाल
मंगळवार, रात्री ९:३३

उभ्या रेघेचं लई भारी. वाखू (वाचनखूण) साठवली.

---

आकडेबहाद्दर
बुधवार, सकाळी ११:०८

धागाकर्त्याच्या 'अँजिओ रद्द करू नये' या वाक्याला आकड्यांचा टेकू देतो. समजा एखादं पॅनेल ८० टक्के संवेदनशील आणि ७० टक्के विशिष्ट आहे (उदाहरणापुरतं).

लवकरच्या काळात १००० जणांत १०० जणांना आजार आहे असं धरू. पॅनेल ८० पकडेल, २० सोडेल. निरोगी ९०० मधल्या ६३० ना बरोबर सोडेल, २७० ना उगाच पकडेल. पॉझिटिव्ह आलेल्या ३५० मध्ये खरे ८०, म्हणजे २३ टक्के. निगेटिव्हवर विश्वास ९७ टक्के. ऐकायला झकास, पण चाचणी न करता 'काही नाही' म्हटलं असतं तरी ९० टक्के बरोबर ठरला असता.

दहा वर्षांनी निम्म्यांना आजार असेल तर निगेटिव्हचा विश्वास घसरून ७८ टक्के. जिथे गरज सर्वांत जास्त तिथे 'नॉर्मल' रिपोर्टवर झोपलेला दर पाचातला एक माणूस आजारी.

दुसरं, दोन रिपोर्टमधला फरक खरा कधी मानायचा? २.७७ गुणिले (मशीनच्या चुकीच्या टक्क्याचा वर्ग अधिक त्याच माणसातल्या चढउताराचा वर्ग) यांचं वर्गमूळ. मशीन ८ टक्के, माणूस २० टक्के धरा. वर्गमूळ २१.५, गुणाकार सुमारे ६०. म्हणजे ४०० चा ५५० झाला तर ती ३८ टक्क्यांची वाढ, गोंगाटात बसते. ४०० चा ७०० झाला तर उठा.

पेपर वाचताना दोन गोष्टी बघा. १००० प्रथिनं तपासली आणि ०.०५ ची चाळणी लावली तर निव्वळ नशिबाने ५० 'सापडतात'. आणि सीएव्ही कशाला म्हटलंय? आयएसएचएलटीच्या २०१० च्या प्रतवारीत सीएव्ही-१ (सौम्य) म्हणजे लेफ्ट मेनमधला (डावी मुख्य करोनरी) अडथळा ५० टक्क्यांच्या आत आणि बाकी कुठेही ७० टक्क्यांच्या आत. फक्त अँजिओवर निवडलेल्या 'निरोगी' गटात आयव्हीयूएसवर अस्तर जाड असलेले कितीतरी लपलेले असतात. तुलनेचा गटच भेसळीचा, मग फरक कुठून दिसणार?

ओलिंकसारख्या (एकाच वेळी खूप प्रथिनं मोजणाऱ्या) पॅनेलचे एनपीएक्स (त्यांचं स्वतःचं एकक) आकडे लॉग-२ मापात असतात. १ ने वाढला म्हणजे दुप्पट. आणि ते सापेक्ष आहेत, वेगवेगळ्या बॅचचे आकडे जोडणीच्या समान नमुन्यांशिवाय शेजारी मांडू नयेत. पेशंटच्या हातात द्यायची ती चीज नव्हे.

---

शिरोली_टोलनाका
बुधवार, दुपारी ४:४४

वाहतुकीचं मी सांगतो. उणे ८० चा माल पुण्याला पाठवायचा तर ड्राय आइस. तो उणे ७८.५ ला वाफ होत असतो. चांगल्या थर्मोकोलच्या खोक्यातही दिवसाला अडीच ते साडेचार किलो उडतो. एका दिवसाच्या प्रवासाला निदान पाच किलो आणि वर एका दिवसाची शिल्लक. खोकं चिकटपट्टीने हवाबंद करू नये, गॅस कोंडून फुटतं. नळ्यांची झाकणं मात्र घट्ट आणि त्यावर पॅराफिल्म, कारण कार्बन डायऑक्साइड आत शिरला की प्लाझ्मा आंबट होतो, पीएच घसरतो.

जुलै-ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी बघूनच माल काढावा. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ हायवेवर पाणी आलं आणि गाड्या दिवसेंदिवस अडकल्या. नमुना फ्रीझरमध्ये महिनाभर पडून राहिला तर बिघडत नाही, वाटेत वितळून परत गोठला तर संपला.

---

बारक्या
बुधवार, सायंकाळी ६:१९

मग हितं कोल्हापुरात करण्यासारखं नेमकं काय ऱ्हायलं?

---

पंचगंगाकाठ
बुधवार, रात्री १०:२७

बारक्याने मुद्द्यावर आणलं. सगळ्यांचं वाचून माझ्या डोक्यात बसलेली मांडणी अशी.

पीएफ-४, व्हीईजीएफ आणि मोठी पॅनेलं हे संशोधनाचं काम. सीटीएडी, दोन फेऱ्या, उणे ८० ही साखळी एखाद्या अभ्यासाअंतर्गत असेल तरच. एका पेशंटसाठी सुटं करू नये. करायचंच झालं तर सोबत बीटा-थ्रॉम्बोग्लोब्युलिन करा. शरीरात प्लेटलेट चेतल्या असतील तर पीएफ-४ लगेच अस्तराला चिकटून रक्तातून नाहीसा होतो आणि बीटा-टीजी मागे राहतं, गुणोत्तर मोठं दिसतं. नळीत फुटल्या असतील तर दोघं हातात हात घालून वाढतात. (बीटा-टीजीही किडनीवर अवलंबून आहे, किडनीवाल्या ताई ओरडायच्या आत लिहून टाकतो.)

इथे जमणारं म्हणजे ट्रोपोनिन, एनटी-प्रोबीएनपी, एचएस-सीआरपी, आणि त्यांच्या बरोबरीने न चुकता क्रिएटिनिन, लघवीतलं अल्ब्युमिन, हिमोग्लोबिन, लिपिड. पहिल्या तीन महिन्यांत ऑपरेशन, रिजेक्शन, इन्फेक्शनचा इतका गोंधळ असतो की तेव्हाच्या आकड्याला बेसलाइन म्हणू नये. सहाव्या महिन्याचा आणि वर्षाच्या अँजिओच्या आधल्या दिवसाचा, हे दोन आकडे पाया. पुढे तीन ते सहा महिन्यांनी, सेंटर सांगेल तसं.

सकाळी टॅक्रोलिमसची गोळी घ्यायच्या आधी एकच टोचणी. आधी सीरमची नळी, मग दोन जांभळ्या. टॅक्रोलिमसची जांभळी वेगळी आणि न फिरवलेली. हे औषध तांबड्या पेशींत बसलेलं असतं, लेव्हल पूर्ण रक्तावर होते. एकच नळी फिरवून वरचा प्लाझ्मा प्रथिनांना आणि उरलेलं टॅक्रोलिमसला अशी काटकसर केली की पेशी दाट होतात आणि लेव्हल खोटी चढते. मग डोस कमी होतो, आणि रिजेक्शनला आयतं निमंत्रण.

बीएनपी नको, एनटी-प्रोबीएनपीच घ्या. बीएनपी खोलीच्या तापमानाला काही तासांत मोडतो, एनटी-प्रोबीएनपी दोन-तीन दिवस टिकतो. लॅब एकच, मशीनही एकच. ट्रोपोनिन आय आणि टी यांची अदलाबदल नको, आयमध्येसुद्धा कंपनी बदलली की आकडा बदलतो.

सीआरपी १० च्या वर आला तर तो करोनरीच्या हिशेबात धरू नका. इथे पावसाळ्यात डेंग्यू-चिकनगुनिया, दाढ दुखणं, खोकला काहीही असतं. बरं वाटल्यावर दोनेक आठवड्यांनी परत. मात्र या पेशंटला ताप हीच तातडी आहे, सेंटरला फोन आधी.

ट्रोपोनिन किंवा एनटी-प्रोबीएनपी आकडेबहाद्दरच्या हिशेबाने खरोखर वाढला, परत घेतल्यावरही तसाच आला, किडनी हललेली नाही, औषध बदललेलं नाही: मग सेंटरला कळवून इको, डीएसए (दात्याच्या पेशींविरुद्धच्या अँटिबॉडी, विशेषतः डीक्यू या एचएलए प्रकाराविरुद्धच्या), रिजेक्शनची शंका आधी मिटवायची आणि अँजिओची तारीख अलीकडे ओढायची, जमल्यास आयव्हीयूएससकट. बायोप्सी स्वच्छ आणि ट्रोपोनिन चढता हा मेळ दिसला तर वाहिन्यांवर संशय जास्त धरावा.

---

मूत्रखडा_नव्हे_मूत्रपिंड
बुधवार, रात्री १०:५८

ओरडले नाही. 😄 फक्त 'किडनी हललेली नाही' म्हणजे त्याच दिवशीचं क्रिएटिनिन. मागच्या महिन्याचं चालणार नाही.

---

अपकेंद्री
गुरुवार, सकाळी ७:०५

आकडा पेशंटशी अजिबात जुळत नसेल तर धावपळ करण्याआधी तीन गोष्टी तपासा.

नमुना लालसर होता का? हिमोलाइज झालेल्या नमुन्यात ट्रोपोनिन टी खोटा कमी येतो, काही ट्रोपोनिन आय किटांवर खोटा जास्त. अडकत अडकत घेतलेलं रक्त असेल तर परत घ्या, रिपोर्टवर नुसता शेरा मारून सोडू नका.

पेशंटला सुरुवातीला एटीजी (लिम्फोसाइट दाबणारं अँटिथायमोसाइट ग्लोब्युलिन) दिलं होतं का? ते सशाच्या अँटिबॉडीचं असतं. शरीर त्याविरुद्ध अँटिबॉडी बनवतं आणि ज्या किटमध्ये सशाच्या अँटिबॉडी आहेत तिथे त्या पूल बांधून खोटा आकडा दाखवू शकतात. नमुना दुप्पट, चौपट पातळ करून लावा. आकडा त्याच प्रमाणात निम्मा, पाव झाला नाही तर संशय पक्का. मग ब्लॉकिंग ट्यूब किंवा वेगळ्या कंपनीचं किट.

तिसरं, केस-नखांच्या गोळ्या. त्यात ५ ते १० मिलिग्रॅम बायोटिन असतं आणि स्ट्रेप्टॅव्हिडिनवर (बायोटिनला घट्ट पकडणारं प्रथिन) चालणाऱ्या सँडविच किटांत ते आकडा पाडतं. किमान आठ तास आधी, मोठा डोस असेल तर दोन-तीन दिवस आधी बंद. पेशंट हे आपणहून सांगत नाही, कारण त्याच्या लेखी ते औषधच नाही.

---

बारक्या
गुरुवार, सकाळी ७:४८

त्रिज्या मोजली सर. साडेअकरा भरली. म्हंजे ३००० ला ११५७ जी. मार्करनं लिवलं: १५०० साठी ३४२०.

---

अपकेंद्री
गुरुवार, सकाळी ८:१०

३४१६. पण ३४२० चालतंय.